मिस लूची खुर्ची

ग्रीनव्हिलमधल्या कुठल्याही होतकरू रॅपरला विचारा, बाबा रे, तुला भीती कुणाची वाटते? तो पोलिसांचं नाव घेणार नाही, नदीपलीकडच्या पोरांचंही घेणार नाही. तो म्हणेल, खुर्चीची. हिरव्या पट्ट्यांची घडीची खुर्ची, एका पायाला तार गुंडाळलेली. ती लुविनिया गॅडिसची. नदीकाठचा सगळा डेल्टा मुलूख तिला मिस लू म्हणतो.

मिस लू कॅटफिशच्या कारखान्यात माशांची मुंडकी उडवणाऱ्या करवतीवर उभी असायची. आठवडाभर गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि अंगाला तो वास. करवतीवर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे तिनं स्वतःच्या स्वयंपाकघरात मीठ मागितलं तरी शेजारीण मीठ घेऊन यायची. शनिवारी मात्र ती अंग घासघासून धुवायची, जांभळा विग चढवायची, खुर्ची ब्यूइक गाडीच्या डिकीत टाकायची आणि निघायची. स्केटिंगचा हॉल, माजी सैनिकांचा क्लब, गाड्या धुवायच्या जागेमागचं पटांगण, घोडेवाल्यांच्या मेळाव्यात ट्रेलरवर बांधलेला स्टेज. जिथं म्हणून एखादं नवं पोरगं माइक धरणार तिथं ही हजर. पहिल्या रांगेच्याही पुढं खुर्ची मांडायची, मांडीवर तिखट तमालेंचा, पानात उकडलेल्या मक्याच्या उंड्यांचा, डबा उघडायचा, पानं सोलत सोलत बघत बसायचं.

मोठ्या झालेल्या रॅपरांत तिला रस नव्हता. "मोटा झाला की पाठ केल्यागत गातो मुडदा," ती म्हणायची. "मला कच्चा पायजे. घाम फुटल्याला."

गाणं आवडलं तर ती खायची थांबायची. कौतुक म्हणून एवढंच. नाही आवडलं तर उठायची, खुर्ची उचलायची, तोंड दाराकडं करून परत मांडायची आणि स्टेजकडं पाठ करून निवांत खायला लागायची. लोक पोराच्या गाण्यापेक्षा तिच्या खुर्चीकडंच जास्त बघत. ती फिरली की हशा पिकायचा. मग कुणीतरी आपलीही फिरवायचं, त्याचं बघून दुसरा, आणि बघता बघता पोरगं नुसत्या पाठींपुढं गात उभं.

लीलंडच्या स्कीटचं असंच झालं. चांगला उंचापुरा पोरगा. आजीनं शिवलेलं चंदेरी जॅकेट घालून आला होता आणि पहिल्याच कडव्यात शब्द विसरला. मिस लूची खुर्ची फिरली. हॉल फिरला. त्याची आजीही तिथंच बसली होती. आजूबाजूला बघून म्हातारी गांगरली आणि तिनंही आपली खुर्ची फिरवली.

स्कीटनं परत माइक धरला नाही. टायरच्या दुकानात लागला. मिस लू हवा भरायला मुद्दाम तिथंच जायची.

"काय रं स्कीट, आठावलं का फुडलं?"

सगळं दुकान हसायचं. स्कीट चाकाशी वाकून हवा भरायचा, वर बघायचा नाही.

"लई जीवावर उठतीस गं पोरांच्या," तिच्या चर्चमधली अर्लीन एकदा म्हणाली.

"मी निस्ती पाठ फिरीवते," मिस लू म्हणाली. "जगानं लाथ घालायच्या आदी त्यास्नी कळलेलं बरं."

एकाच पोराकडं तिनं कधी पाठ केली नाही. क्वेंटरिअस त्याचं नाव. स्टेजवर तो लेव्ही क्वे. तो काही फार ग्रेट गायचा अशातला भाग नाही. त्याच्या खांद्यामागं दुसरा माइक घेऊन तिचा पोरगा कॉर्डेल उभा असायचा.

मागं उभं राहणाऱ्याचं काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. पुढचा गातो, मागचा मधूनच ओरडतो. पण खरी गोष्ट वेगळी आहे. पुढच्याला श्वास घ्यावाच लागतो, आणि तो घेतो तिथं ओळीला भोक पडतं. ते भोक बुजवायचं काम मागच्याचं. क्वेचा दम आखूड. त्याचे खांदे वर जायच्या आधी कॉर्डेलला कळायचं, आणि ओळीचा शेवटचा शब्द तो असा झेलायचा की लोकांना वाटावं, हे पोरगं श्वास घेतच नाही. क्वेचं नाव व्हायला लागलं ते त्या दमावर. तो दम कॉर्डेलचा होता, हे त्या दोघांना ठाऊक होतं आणि मिस लूला.

एका कार्यक्रमाहून परतताना पोलिसांनी गाडी थांबवली. सीटखाली पिस्तूल निघालं. क्वेचं. कॉर्डेल म्हणाला, माझं.

"कशापायी म्हनलास रं?" भेटीच्या काचेपलीकडून मिस लूनं विचारलं होतं.

"लोक त्याला बगाय येत्यात, मम्मा. मी काय, मागं उभा राहनारा. मागं कुनी बी उभं राहील."

त्याला शेतावर पाठवलं. आमच्याकडं तुरुंगाला तुरुंग कुणी म्हणत नाही. सरकारी जमिनीवर कैदी राबतात, म्हणून शेत. 'पोरगा कुठं असतो?' 'शेतावर.' विचारणारा पुढं काही विचारत नाही.

त्या दिवसापासून मिस लूचा शनिवार बदलला. आता ती फक्त क्वेच्या मागं हिंडायची. क्लार्क्सडेल, मन्रो, पाइन ब्लफ. राज्याची हद्द ओलांडून जायची, रविवारी पहाटे परतायची, सोमवारी पुन्हा करवतीवर उभी राहायची. कशासाठी? एका नावासाठी.

आमच्याकडं शेवटच्या गाण्याआधी बीट बंद करून हजेरी घेतात. आधी आत असलेल्यांची. रॅपर नाव घेतो आणि सगळा हॉल ओरडतो, "सोडा!" मग गेलेल्यांची. तेव्हा सगळे आपापल्या फोनचे दिवे वर धरतात, रॅपर नाव घेतो आणि हॉल म्हणतो, "अमर रहे!" कॉर्डेल आत गेला तेव्हा क्वेनं शपथ घेऊन सांगितलं होतं, तो सुटेपर्यंत पहिल्या हजेरीत पहिलं नाव त्याचंच. तो "कॉर्डेल!" म्हणायचा आणि सगळ्या हॉलच्या वरून मिस लूचं "सोडा!" जायचं. मुंडकी उडवणाऱ्या करवतीवरून जाणारा तो आवाज. दुसरी हजेरी सुरू झाली की ती डब्याचं झाकण लावायची, दोन्ही हात मांडीखाली दाबायची आणि ओठ घट्ट मिटून बसायची. मेलेल्यांच्या हजेरीत तिनं कधी आवाज मिसळला नाही. आपलं माणूस पहिल्या हजेरीत आहे, मग दुसरीत तोंड कशाला उघडायचं!

पाच वर्षं हे असं चाललं. मग पाइन ब्लफचा तो दिवस आला.

भर दुपार, जत्रेचं मैदान, ऊन असं की स्पीकरला हात लावला तर चटका. क्वे सकाळपासून ते जांभळं खोकल्याचं औषध सोड्यातून पीत होता. हल्ली नशेसाठी सगळेच पितात. डोळे जड, जीभ जड. पहिली हजेरी सुरू झाली. मिस लू खुर्चीच्या कडेवर आली. एक नाव झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. कॉर्डेल नाही. दुसरी हजेरी सुरू झाली. फोनचे दिवे वर गेले.

"बिग रेम!"

"अमर रहे!"

"पर्सी!"

"अमर रहे!"

तेवढ्यात क्वेची नजर खाली मिस लूवर पडली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून त्याला आठवलं. आणि चूक निस्तरायच्या घाईत तो तिथंच, त्याच दमात ओरडला, "कॉर्डेल!"

लोकांची तोंडं तयारच होती. "अमर रहे!"

मिस लू उभी राहिली. मांडीवरचा डबा मातीत. आपण काय केलं हे क्वेला कळलं, पण जिभेवर शब्द येईना. माइक छातीशी, दुसरा हात डोक्यावर, तोंड उघडं. काहीतरी म्हणायला गेला आणि आवाज फाटला. लोकांना वाटलं, मित्राच्या आठवणीनं गळा दाटला. पुढच्या पोरी रडायला लागल्या. दांडगे दांडगे बाप्ये डोळे पुसायला लागले. एवढं चांगलं क्वे आयुष्यात कधी गायला नव्हता, आणि आत्ता तर तो गातही नव्हता.

कुणीतरी ते सगळं फोनवर टिपलं. मिस लू नदीवरचा पूल ओलांडून घरी येईपर्यंत कॉर्डेल देशाच्या अर्ध्या दक्षिणेत मेला होता.

दुसऱ्या दिवशी दारात अर्लीन. हातात केकचं ताट, मागं दोन बायका, एकीकडं तळलेली कोंबडी, एकीकडं मॅकरोनीचं भांडं.

"लू, बाई माजी," अर्लीननं तिला कवटाळलं. "कळीवलं बी न्हाईस गं!"

"काय कळवू? जित्ता हाय त्यो!"

"व्हय, व्हय. आपल्या काळजात हायच."

"काळजात न्हाई, सटवे, शेतावर हाय! कालच्याला त्याचा फोन आल्ता. मोजं पाठीव म्हनला."

अर्लीननं मागच्या बायकांकडं बघितलं. बायकांनी मान हलवली. पहिल्या दिवशी असंच होतं माणसाचं, असा त्या मानेचा अर्थ. शेवटी मिस लूनं शेतावरच्या ऑफिसला फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडच्या बाईनं कंटाळलेल्या आवाजात सांगितलं, कैदी जिवंत आहे, अजून काही?

बायकांनी हातातल्या भांड्यांकडं बघितलं. मग अर्लीन म्हणाली, "मंग केक काय करायचा?"

"ठिव," मिस लू म्हणाली. "आन नीघ."

पुढच्या शनिवारी ती मन्रोला गेली. कार्यक्रमाआधी क्वेच्या बसमध्ये घुसली. पूर्वी तो एका मोडक्या व्हॅनमधून हिंडायचा, आता बस होती. बसमध्ये अटलांटाहून आलेला फिन्ली नावाचा गृहस्थ होता. पांढरेशुभ्र बूट, बोलणं लोण्यासारखं. क्वेचं सगळं काम आता तो बघायचा.

"मिस लू!" क्वे उठला, लहान पोरासारखा मान खाली घालून उभा राहिला. "चुकलं माजं. डोकं थाऱ्यावर नव्हतं. आज सुदारतो. तुमची आन."

"आज म्हंजे आज. पयल्या हजेरीत."

"व्हय, मॅम."

"मिस लू, तुम्ही बसा ना," फिन्ली म्हणाला. "पाणी घेता? मी काय म्हणतो, सुधारायचंच आहे, त्यात वाद नाही. पण कसं आहे, त्या व्हिडिओनंतर आम्हाला जॅक्सनचा मोठा हॉल मिळाला. लोक तेवढ्या एका क्षणासाठी येतायत. आत्ता जर तो म्हणाला, माफ करा, माणूस जिवंत आहे, तर लोकांना वाटेल आपल्याला रडवून फसवलं. क्वेचं करिअर जाईल. कॉर्डेलनं ज्याच्यासाठी सगळं सोसलं, तेच जाईल. तुम्हीच विचार करा."

"माजं पोरगं मेलेलं न्हाई, येवडा इचार केलाया मी."

"अर्थात. अर्थातच."

त्या रात्री पहिल्या हजेरीत कॉर्डेल नव्हता. दुसऱ्या हजेरीत शेवटचं नाव त्याचं आलं. क्वेनं माइक छातीशी नेला, दुसरा हात डोक्यावर, तोंड उघडं, आवाज फाटलेला. सगळं तस्संच. फक्त या खेपेला ते त्यानं पाठ केलं होतं.

मिस लू ओरडली, "खोटारड्या! जित्ता हाय त्यो! जित्ता हाय!" पण 'अमर रहे'च्या गजरात करवतीवरून जाणारा तो आवाज कुठं गेला कळलंही नाही. मग तिनं जे कधी केलं नव्हतं ते केलं. उठली, खुर्ची उचलली आणि क्वेकडं पाठ करून बसली.

एका खुर्चीनं तिनं आजवर किती पोरं बुडवली होती. ती वाट बघत बसली, आता हशा पिकेल, आता दुसरी खुर्ची फिरेल.

एकही फिरली नाही. "आई हाय त्याची," कुणीतरी म्हणालं. "बगवंना तिला." एक पोरगी येऊन तिच्या पायाशी गुडघ्यावर बसली. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी डोक्यावर. भोवती गराडा. तिनं कोपर मारून बघितलं, शिव्या घालून बघितल्या. "रडू दे माऊलीला," लोक म्हणाले. आणि सगळ्यांचे फोन तिच्या पाठमोऱ्या खुर्चीवर. सकाळी तो व्हिडिओ आधीच्यापेक्षा जोरात चालला.

रविवारी ती शेतावर गेली. भेटीच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीला खायच्या पदार्थांची मशिनं. कॉर्डेल आला. अंगानं भरलेला, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, समोरचा एक दात गेलेला. तिनं सगळं सांगितलं.

कॉर्डेलनं पहिला प्रश्न विचारला, "किती लोक व्हते गं?"

"काय?"

"मन्रोला. हॉल भरला व्हता?"

"तुला मारलाय त्यानं, कॉर्डेल! मढ्यात बसीवलाय!"

"ठावं हाय. बगितला मी व्हिडिओ. हितं एकाकडं लपीवल्याला फोन हाय." तो हसत होता. "मम्मा, पाच वर्सं सोडा सोडा म्हनत व्हते. सोडलं का कुनी? न्हाई ना! आन मेल्यापास्नं बग. रोज येक तरी येतो, म्हनतो, तूच का त्यो? गार्डच्या पोरीनं माजं नाव हातावर गोंदलंया."

 मिस लूनं मशिनमधून आणलेले कोंबडीचे पंख त्याच्यापुढं सरकवले.

"आन ऐक," तो पुढं वाकला. "कागूद आलाय. सुटतोय मी. जॅक्सनच्या आदी."

तिचा हात तोंडावर गेला.

"वरडू नगंस. इचार कर. जॅक्सनचा हॉल. दिवे वर. क्वे म्हननार, कॉर्डेल. लोक म्हननार, अमर रहे. आन मी मागनं चालत येनार. माइक घिऊन. मेल्याला मानूस, मम्मा! कुनी केलंय का असलं? हॉल फुटंल!" त्याचे डोळे चमकत होते. ते पिस्तूल 'माझं' म्हणाला त्याआधी चमकायचे तसे. "मी रोज म्हनतोय त्याची गानी. त्याचा दम कुटं तुटतो मला अजून ठावं हाय. तवर तू गप ऱ्हा. कुनाला सांगू नगं मी जित्ता हाय म्हनून."

आणि मिस लू गप्प राहिली. जिनं आयुष्यात कुणापुढं जीभ आवरली नाही ती बाई कारखान्यात, चर्चमध्ये, टायरच्या दुकानात लोक हळहळायला लागले की मान खाली घालून ऐकून घ्यायला लागली. अर्लीनला आणि त्या दोघी बायकांनाही दटावून ठेवलं. स्कीट हवा भरताना म्हणाला, "मिस लू, वाईट झालं. चांगला व्हता कॉर्डेल. मी विसरलो तवा त्यानंच मला मागनं शब्द सांगाय बगितला व्हता." तिनं मान हलवली. पुढलं आठवलं का, हे त्या दिवशी विचारलं नाही.

कॉर्डेल घरी आला तो मागच्या दारानं. क्वेही मागच्या दारानं आला, गळ्यात पडला, रडला.

"भावा, तुजे उपकार हायेत."

"उपकार ऱ्हाऊ दे. मी येतोय ना स्टेजवर?"

"म्हंजे काय! माज्या मागं तूच!" क्वेनं त्याच्या डोक्यावर हात फिरवला. "निस्तं तवर कुनाला दिसू नगंस. फिन्ली म्हनतो, धक्का बसाय पायजे लोकांना."

म्हणून कॉर्डेल घरातच राहिला. पडदे ओढलेले. दारावर थाप पडली की तो न्हाणीघरात जायचा. पाच वर्षं शेतावर मोकळ्या आभाळाखाली राबलेला माणूस सुटून आल्यावर आईच्या घरात कोंडून बसला आणि खुशीत होता. केस कापून घेता येईना, तर मिस लूनं कात्रीनं कापले, वेडेवाकडे. रात्रंदिवस ओठ हलत. ती भांडी घासता घासता क्वेची ओळ म्हणायची, मुद्दाम दम तोडायची, आणि बाहेरच्या खोलीतून तो शब्द झेलायचा. अचूक. कधीकधी तिला वाटायचं, असंच चालू द्यावं. जॅक्सन कधी येऊच नये.

जॅक्सनच्या दारात रांग होती. पोरापोरींच्या अंगात कॉर्डेलचे टीशर्ट. दोन पंख, मधे एकोणीस वर्षांचा कॉर्डेल, सगळे दात असलेला, खाली 'अमर रहे'. खरा कॉर्डेल डोक्यावर टोपी ओढून त्यांच्यातून चालला होता आणि कुणी त्याच्याकडं दुसऱ्यांदा बघत नव्हतं. पोट सुटलं होतं, दात गेला होता, केस वेडेवाकडे. फोटोतल्या पोराचा हा बाप शोभला असता.

फिन्लीनं पास पाठवले होते. स्टेजमागचे नव्हे, पुढच्या रांगांतल्या खुर्च्यांचे. 'गर्दी फार आहे मागं,' त्यानं कळवलं होतं. 'क्वे खूण करेल, तेव्हा बाजूच्या पायऱ्यांनी वर या.'

गेटवर पिवळ्या जाकिटातला माणूस आडवा आला. स्कीट. शनिवारचं जादा काम.

"मिस लू, खुर्ची आत न्हाई न्यायची."

"माजी खुर्ची हाय ती."

"ठावं हाय मला कुनाची हाय ती." त्यानं ती तिच्या हातातून हळूच काढून घेतली, घडी घातली, भिंतीला टेकवली. आवाजात राग नव्हता. "हितं खुर्च्या जिमिनीत ठोकल्यात. समद्यांची तोंडं येकाच बाजूला. जावा."

मग त्याची नजर टोपीखालच्या चेहऱ्यावर गेली. थांबली. स्कीटनं ओळखलं. सगळ्या जॅक्सनमध्ये त्यानं एकट्यानं ओळखलं. त्यानं बाजूला होऊन वाट दिली.

क्वे गात होता. मागं एक नवा पोरगा उड्या मारत होता, दिसायला देखणा, पण शब्द झेलताना दर खेपेला उशीर. कॉर्डेल खुर्चीत बसून दातओठ खात होता. "गेला. ह्यो बी गेला. आरं खांदा बग त्याचा, खांदा!" तो पुटपुटायचा. "थांब जरा, मी आलो."

बीट बंद झाली. पहिली हजेरी झाली. दुसरी सुरू झाली. हॉलभर दिवे वर गेले. कॉर्डेलनं टोपी काढली, मांडीवर हात पुसले, आईकडं बघून हसला. मिस लूनं त्याचा हात धरला आणि सोडला.

"कॉर्डेल!"

मागं पडद्यावर फोटो उजळला, घराएवढा. कॉर्डेल उठून उभा राहिला. बाजूच्या पायऱ्या चार पावलांवर.

क्वेनं माइक छातीशी नेला, दुसरा हात डोक्यावर. मग त्यानं खाली बघितलं. थेट. मधे कुणी नव्हतं. कॉर्डेल हसला आणि त्यानं हनुवटी उचलली, येऊ?

क्वे त्याच्याकडं बघत राहिला. आता खूण करेल, मिस लूला वाटलं. क्वेचे खांदे वर गेले. कॉर्डेलला सवयीनं कळलं, दम तुटतोय, शब्द झेलायला पाहिजे, आणि त्याचं तोंड आपोआप उघडलं. तेवढ्यात क्वेनं माइक तोंडाशी नेला आणि जे नेहमी लोक म्हणायचे ते त्यानं स्वतः म्हटलं. कॉर्डेलच्या डोळ्यांत बघत, सावकाश.

"अमर रहे."

हॉल कोसळला. "अमर रहे! अमर रहे!"

"ए दादा," मागची पोरगी रडता रडता ओरडली. तिच्या अंगात तोच टीशर्ट. "खाली बस की! फोटू दिसत न्हाई!"

कॉर्डेलनं वळून तिच्याकडं बघितलं. तिच्या छातीवरच्या स्वतःकडं बघितलं. "सॉरी," म्हणाला आणि खाली बसला.

शेवटचं गाणं सुरू झालं. क्वेनं त्या रांगेकडं परत बघितलं नाही.

मिस लू उभी राहिली. खुर्ची ठोकलेली, म्हणून ती स्वतःच फिरली. स्टेजकडं पाठ करून, हात बांधून, हजारो तोंडांपुढं एकटी उलटी उभी. कुणी हसलं नाही. कुणी फिरलं नाही. मागची पोरगी तिला ओलांडून फोटोकडं बघत होती. हॉलच्या टोकाला दारात पिवळं जाकीट दिसलं. तेवढं एक तिच्याकडं बघत होतं.

तिनं खाली कॉर्डेलकडं बघितलं. त्याचा चेहरा पडद्याच्या उजेडात न्हाला होता. डोळ्यांना धार, आणि ओठ हलत होते. क्वेच्या दर ओळीला, जिथं दम तुटायचा नेमकं तिथं, तो शब्द झेलत होता. कुणाला ऐकू जाणार नाही असा. एकही चुकला नाही. आणि 'अमर रहे'ची लाट परत उठली तेव्हा त्यानं खिशातून आईचा फोन काढला, दिवा लावला आणि हात वर केला.

"अमर रहे," तो म्हणाला.

"चल," मिस लू म्हणाली. "चल घरी, कॉर्डेल."

त्यानं मान तिरकी करून तिच्या बाजूनं पलीकडं बघायचा प्रयत्न केला.

"फिर की फुडं, मम्मा," तो म्हणाला. "माजंच चाललंय."